अम्मीचा दुधी

"खैरू, इकडे ये. आवाज ऐक याचा."

अम्मी स्टुलावर उभी होती. मांडवातून लोंबणाऱ्या दुधीवर तिनं बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि मान वाकडी करून कान लावला. अब्बा सतारीच्या भोपळ्याला लावायचे, अगदी तसा. मला हसू आलं. परसातून कारखान्यात जायचं दार उघडंच होतं. आतून अब्बांचा आवाज आला.

"कोवळ्या दुधीचा कसला आवाज? पाणी भरलंय त्यात."

"आम्हाला पाणीच पाहिजे," अम्मी म्हणाली. "सतार नाही करायची याची. उद्या सकाळी तुमच्याच पोटात जाणार आहे हा."

तिनं देठ कापला, स्टुलावरून उतरली आणि दुधी माझ्या हातात दिला. सरळ, हिरवागार, अंगावर बारीक लव. त्या वर्षीच्या वेलाचं ते पहिलं फळ होतं. अम्मीच्या हाताला देठाचा चीक लागला होता. तो तिनं ओढणीला पुसला आणि म्हणाली, "बाजारातल्या दुधीला सुया टोचतात म्हणे. हा आपल्या घरचा."

आम्ही मिरजेचे. दर्ग्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर आणि घराला लागूनच कारखाना. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला टेकून तुनाच्या लाकडाच्या दांड्या, वर आढ्याला टांगलेले वाळके भोपळे, खाली लाकडाचा भुसा. घरात आम्ही दखनी बोलतो, गिऱ्हाइकांशी मराठी. मी इथे सगळं मराठीतच सांगते आहे, पण अम्मीचं बोलणं आठवतं ते तिच्या सुरातच आठवतं. तो सूर कागदावर येत नाही.

मी एकुलती एक. तेव्हा पंचविशीत होते. कॉलेज झालं होतं, लग्न ठरत नव्हतं. दिवसभर कारखान्यात अब्बांना मदत करायची. भोपळ्याचा आतला वाळलेला गर खरवडायचा, काचपेपर मारायचा, तारा मोजून कापायच्या, एवढंच माझं काम. जवारीला मात्र अब्बा कुणाला हात लावू देत नसत.

तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीनं अगदी हलका घासायचा असतो. इतका हलका, की तार त्याला धड टेकतही नाही आणि धड सुटतही नाही. तसं जमलं की एका तारेतून दहा तारा वाजल्यासारखा सूर भरून येतो. त्याला जवारी म्हणतात. ती डोळ्यांनी दिसत नाही. बोटाला कळते आणि कानाला कळते. अब्बांच्या जवारीसाठी धारवाड-हुबळीहून गवई यायचे आणि कारखान्याच्या उंबऱ्यावर मुकाट्यानं बसून राहायचे.

आणि त्याच बोटांना मुंग्या यायला लागल्या होत्या.

साखर अब्बांना बरीच वर्षं होती. गोळ्या चालू होत्या, पण गोडही चालू होतं. आधी तळपाय बधिर झाले. मग उजव्या हाताची बोटं. एकदा घोडी घासताना कानस त्यांच्या बोटावर चालली, रक्त आलं आणि ते अब्बांना कळलंच नाही. हस्तिदंतासारख्या पांढऱ्या घोडीवर लाल ठिपका मी पाहिला तेव्हा ओरडले. त्यांनी बोटाकडे असं पाहिलं, जसं ते दुसऱ्या कुणाचं असावं. नंतर ती घोडी त्यांनी कपाटात ठेवून दिली आणि त्या दिवशी पुन्हा काम केलं नाही.

त्या संध्याकाळी अम्मीनं भाकऱ्या थापताना मला विचारलं, "बोटांतली जान परत येते का गं?"

"डॉक्टर म्हणतात साखर ताब्यात ठेवली तर आणखी बिघडत नाही."

"मी बिघडायचं नाही विचारलं. परत येते का विचारलं."

मी तव्यावरची भाकरी उलटली.

दुधीचा रस आमच्या घरी आणला तो ओगले सरांनी. ते निवृत्त शिक्षक, अब्बांचे जुने गिऱ्हाईक आणि दोस्त. सतार बेतास बात वाजवायचे, पण दर दोन महिन्यांनी काहीतरी निमित्त काढून ती दुरुस्तीला आणायचे. त्यांनाही साखर होती. तळ्यावर फिरायला जाणारा त्यांचा एक गट होता आणि त्या गटात तेव्हा सगळे रसच पीत होते. कुणी कारल्याचा, कुणी गव्हांकुराचा, कुणी दुधीचा.

"उपाशीपोटी एक ग्लास, मियाँ," सर म्हणाले. "माझी साखर किती उतरली म्हणून सांगू. भाज्यांत, पाल्यात जे असतं ना, ते गोळीत नाही."

अब्बांनी डॉक्टरीण बाईंना विचारलं. डॉ. मगदूम म्हणाल्या, "प्या. ताजा प्या, पण गोळी सोडायची नाही." मग रोज सकाळी अम्मी दुधी किसायची, मलमलच्या फडक्यातून पिळायची, चिमूटभर मीठ घालायची आणि ग्लास कारखान्यात नेऊन द्यायची. अब्बा डोळे मिटून प्यायचे. रसानं साखर उतरली की सरांबरोबर तळ्यावर फिरायला लागल्यानं, कोण जाणे. पण त्या हिवाळ्यात त्यांची साखर खरंच थोडी उतरली. एका सकाळी ते म्हणाले की करंगळीला कानशीचा गारवा लागला. अम्मी स्वयंपाकघरात येऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

तेव्हापासून तिनं परसातला वेल मनावर घेतला. आदल्या वर्षी एक वेल होताच. त्याचाच एक दुधी तिनं बियांसाठी पिकू दिला होता. त्या बिया तिनं राखेत घोळवून ठेवल्या आणि वेळ येताच लावल्या. कारखान्याच्या मागच्या भिंतीशी आम्ही भोपळ्यांचा खरवडलेला गर टाकायचो. तिथली माती काळीभोर झाली होती. वेल असा चढला की मांडव पुरेना. संध्याकाळी पांढरी फुलं उघडली की अम्मी खाट टाकून त्याखाली बसायची. अब्बा मगरीबची नमाज पढून आले की तिच्या शेजारी बसायचे. दोघं फारसं बोलत नसत. ती त्यांचा उजवा हात आपल्या मांडीवर घ्यायची आणि एकेक बोट तेल लावून चोळायची.

"हे कळतंय?"

"हं."

"आणि हे?"

"तू चोळतेस म्हणजे कळणारच."

"खोटं बोलू नका. नखानं टोचलं मी."

मग दोघंही हसायचे. आज मला त्या घरातलं काय परत हवं असं कुणी विचारलं, तर मी ती खाट मागेन.

तर तो पहिला दुधी. दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मीनं तो किसला. मी ओट्याशी चहा गाळत होते. रस नेहमीपेक्षा दाट आणि हिरवा दिसत होता. तिनं तो ग्लासात ओतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "बघ, बाजारच्याला असा रंग येतो का?"

अब्बा त्या दिवशी स्वयंपाकघरातच आले. घाईत होते. कोल्हापूरच्या एक बाई त्यांचा तंबोरा न्यायला दुपारी येणार होत्या. उभ्यानंच त्यांनी ग्लास तोंडाला लावला. दोन मोठे घोट घेतले आणि थांबले. तोंड वाकडं झालं.

"कडू आहे."

"वेलाचा पहिला आहे ना. असेल जरा," अम्मी म्हणाली.

अब्बांनी डोळे मिटले, आणखी एक घोट घेतला. "कडू म्हणजे साखरेला चांगलंच," ते म्हणाले. ते आम्ही सगळेच मानत होतो. कारलं कडू, काडेचिराईत कडू, कडुनिंब कडू. औषध म्हटलं की ते कडूच असायचं. अर्धा ग्लास त्यांनी कसाबसा घशाखाली घातला आणि तो ओट्यावर ठेवला. "बाकीचं आल्यावर पितो." आणि कारखान्यात गेले.

अम्मी त्या अर्ध्या ग्लासाकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरला होता. इतके महिने पाणी घालून वाढवलेला वेल आणि पहिल्याच दिवशी त्याला नाव ठेवलं.

"म्हणे कडू," ती मला म्हणाली. "माझा वेल कसा कडू असेल?"

तिनं ग्लास उचलला आणि एका दमात संपवला. मी बघत होते. पहिल्या घोटाला तिच्या भुवया वर गेल्या, पण ती थांबली नाही. ग्लास रिकामा करून तिनं ओठ पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम हसायला लागली. तोंडावर ओढणी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"खरंच कडू आहे गं! जहर आहे नुसतं." मग कारखान्याच्या दाराकडे बघत आवाज उतरवला. "त्यांना सांगू नकोस मी असं म्हटलं म्हणून. वर्षभर बोलून दाखवतील."

तिनं गूळ तोंडात टाकला आणि ग्लास विसळून पालथा घातला.

थोड्या वेळानं कारखान्यात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मी धावले. अब्बा भुशात गुडघ्यांवर होते. पोट धरलेलं. उलटी होत होती आणि ती थांबतच नव्हती. आम्हाला वाटलं साखर खाली गेली. अम्मीनं त्यांच्या तोंडात साखर घातली, तीही बाहेर पडली. मग उलटीत रक्त दिसलं.

रिक्षात अब्बांचं डोकं अम्मीच्या मांडीवर होतं. ती एका हातानं त्यांचं कपाळ धरून होती, दुसऱ्यानं स्वतःचं पोट. मी ते पाहिलं. पाहिलं आणि वाटलं, घाबरलीय. हॉस्पिटलात पोहोचल्यावर अब्बांना आत नेलं. डॉ. मगदूम तिथेच होत्या. अब्बांचा रक्तदाब फार खाली गेला होता. सलाईन, इंजेक्शनं, धावपळ. अम्मी बाहेरच्या बाकावर बसली. मध्येच उठून बाथरूमकडे गेली, परत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"अम्मी, काय होतंय?"

"उपाशी आहे ना सकाळपासून. तू आत जा. त्यांच्याजवळ थांब. त्यांना सुईची भीती वाटते."

मी आत गेले. मगदूम बाईंनी मला बाजूला घेतलं.

"काल रात्री काय जेवले?"

"भाकरी, आमटी. आम्हीही तेच जेवलो."

"आणि सकाळी?"

"काही नाही. फक्त रस. दुधीचा."

त्या एकदम थांबल्या. "कडू होता?"

"हो. थोडा..." मी म्हणाले. "नाही, खूप कडू होता."

"अजून कुणी प्यालं का तो?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग मागे न बघता बाहेर धावले. बाकावर अम्मी नव्हती. बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं आणि ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. ओढणी तिनं तोंडात कोंबून धरली होती, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

तिला अब्बांच्याच शेजारच्या खाटेवर घेतलं. मध्ये हिरवा पडदा. अब्बांना गुंगीचं औषध दिलं होतं. अम्मीला रक्तदाबाची गोळी चालू होती आणि ती तिनं रोजच्यासारखी पहाटेच घेतली होती, त्यामुळे तिचं प्रेशर आधीच उतरलेलं. त्यात ती इतका वेळ कुणाला काही न सांगता बसून राहिली होती. मगदूम बाईंनी काही लपवलं नाही.

"याच्यावर उतारा असं औषध नाही, खैरुन्निसा. सलाईन देत राहायचं, प्रेशर सांभाळायचं आणि शरीरानं ते बाहेर टाकायची वाट बघायची."

"पण दुधी तर आपण खातो ना, बाई? तुम्हीच म्हणालात प्या."

त्यांनी मान हलवली. "म्हणाले. गोड दुधीत हे विष नसल्यासारखंच असतं. कडू निघाला तर थुंकायचा, हे मी तेव्हा सांगितलं नाही. कडू निघतो हेच कुणाला आठवत नाही." सलाईनची गती बघत त्या म्हणाल्या, "झाड ते कडू आपल्यासाठी करत नाही गं. किड्यांनी, जनावरांनी खाऊ नये म्हणून करतं. त्यातलं काही आपल्या कामी येतं. सगळं नाही."

दुपारभर मी दोन खाटांच्या मध्ये बसून होते. एकदा पडद्याच्या या बाजूला, एकदा त्या. ऊन कलल्यावर, असरच्या सुमाराला अम्मी जागी झाली. दर्ग्याच्या बाजूची अजान खिडकीतून ऐकू येत होती. तिचा हात थंडगार होता.

"ते कसे आहेत?"

"झोपलेत. बरे आहेत."

"खरं सांग."

"खरंच, अम्मी. प्रेशर वर आलंय त्यांचं. हा पडदा बाजूला करू का? दिसतील तुला."

"नको. जागे होतील." तिनं पडद्याकडे पाहिलं. त्या बाजूनं अब्बांच्या श्वासाचा आवाज येत होता. थोडा वेळ ती तो ऐकत राहिली. मग माझी बोटं दाबून म्हणाली, "त्यांना सांगू नकोस."

"काय?"

"मी प्याले ते. ते म्हणतील, मी अर्धा टाकून गेलो म्हणून ती प्याली. आयुष्यभर म्हणत बसतील. तू ओळखत नाहीस त्यांना."

"तूच सांग त्यांना उद्या. भांडा दोघं."

ती थोडीशी हसली. सकाळसारखं नाही. मग म्हणाली, "बोटं चोळत जा त्यांची. तेल कोमट कर आधी." त्यानंतर ती बोलली नाही. मगरीबच्या आधी ती गेली आणि पडद्याच्या पलीकडे अब्बा झोपलेलेच होते.

तिचा जनाजा निघाला तेव्हा अब्बा हॉस्पिटलातच होते. खांदा द्यायला चुलतभाऊ होते, गल्ली होती, ओगले सर होते. सर रस्त्याच्या कडेला उभे राहून लहान पोरासारखे रडत होते. त्यांना मी काय सांगणार? त्यांनी प्रेमानं सांगितलं होतं, आम्ही प्रेमानं ऐकलं होतं.

अब्बांना मीच सांगितलं. ते पूर्ण शुद्धीवर आल्यावर पहिलं त्यांनी "खैरूची अम्मी कुठाय?" असंच विचारलं. मी मगदूम बाईंशी आधी बोलून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "सांगायचं की नाही, हा तुमच्या घरचा प्रश्न. मी हृदय बंद पडलं म्हणेन. ते खोटं नाही." मी अब्बांना तेच सांगितलं. तुमची हालत बघून तिचं हृदय बंद पडलं, म्हणाले.

अब्बा छताकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "तो रस तिनं घेतला होता?"

"नाही, अब्बा."

त्यांनी डोळे मिटले.

घरी गेल्यावर मी आधी परसात गेले. मांडवाला आणखी दुधी लागले होते, एकाहून एक देखणे. मी एक कापला आणि कापलेल्या जागेला जिभेचं टोक लावलं. लगेच थुंकले, पण चव ओळखीची होती. कारखान्यात वाळका भोपळा खरवडताना जी धूळ घशात जाते, तीच ही चव. सतारीचे भोपळे विषासारखे कडू असतात. त्यांच्या बिया गरासकट त्या भिंतीशी पडायच्या. आदल्या वर्षी तिथे एक रानटी वेल आपोआप उगवला होता. उगवलेलं रोप अम्मीला उपटवत नसे, म्हणून तिनं तोही मांडवावर चढू दिला होता. दोन्ही वेलांची फुलं एकाच संध्याकाळी, शेजारी शेजारी उमलायची. नंतर मगदूम बाईंनीही तेच सांगितलं. आदल्या वर्षीची फळं गोडच राहिली, पण दोन्ही वेल एकाच जातीचे, म्हणून रानटी फुलांचे पराग लागून त्यांच्या बियांत कडू उतरलं. बाहेरून काही कळायला मार्ग नव्हता.

मी तो वेल मुळापासून उपटला. हाताला चीक लागला आणि कितीतरी धुतला तरी बोटं कडूच राहिली.

पुढची वर्षं कशी गेली ते थोडक्यात सांगते. अब्बांच्या बोटांतली जान परत आली नाही. वर्षभर त्यांनी कारखाना बंदच ठेवला. मग कोल्हापूरच्या त्या बाई पुन्हा आल्या. त्यांचा तंबोरा तसाच पडून होता. अब्बांनी माझ्या हातात कानस दिली आणि म्हणाले, "तू घास. मी ऐकतो." ते भोपळ्याला कान लावून बसायचे. "अजून. अजून जरा. नाही, खाल्लंस जास्त. दुसरी घोडी घे." माझ्या हातून कितीतरी घोड्या वाया गेल्या. पण एके दिवशी मी तार छेडली आणि अब्बा काहीच बोलले नाहीत. मान खाली घालून ऐकत राहिले. मग मला जवारी यायला लागली. त्यांना हवी होती तशी नाही, पण गिऱ्हाईक परत जाणार नाही इतपत.

रोज संध्याकाळी मी तेल कोमट करून त्यांची बोटं चोळायचे. अम्मीसारखं मी कधी "हे कळतंय का?" विचारलं नाही. तिच्याविषयी आम्ही बोलतच नव्हतो. मला भीती वाटायची, बोलता बोलता तोंडून निघून जाईल. आणि अब्बाही कधी विषय काढत नसत. एकाच घरात राहून आम्ही दोघं तिच्यासाठी झुरत होतो, पण आपापल्या खोलीत.

मग एक उन्हाळा आला. अब्बा फार थकले होते. दुपारची वेळ, बाहेर रस्ता ओस पडलेला. मी एका नव्या तंबोऱ्याला तारा चढवत होते, ते भिंतीला टेकून बसले होते. मला वाटलं डोळा लागलाय त्यांचा.

"खैरू," ते म्हणाले. "त्या दिवशी मी अर्धा ग्लास ठेवला होता ना?"

माझा हात खुंटीवरच राहिला. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा.

"नाही, अब्बा," मी म्हणाले. "तुम्ही सगळा संपवला होतात."

"सगळा?"

"हो."

मी तार पिळत राहिले. खुंटी करकरली. मग ते हळूच, माझ्याशी नाही, स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "तिला साधं कारलं चालायचं नाही. माझ्यासाठी करायची आणि स्वतः लोणच्याशी जेवायची. ते एवढं कडू... कसं प्याली असेल गं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. दारातून मोकळ्या मांडवाकडे बघत होते. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. केव्हापासून, ते मी विचारलं नाही. कदाचित हॉस्पिटलातल्या त्या पहिल्या दिवसापासून. मी "नाही" म्हटलं होतं आणि त्यांनी ते "नाही" इतकी वर्षं माझ्यासाठी सांभाळलं होतं.

अम्मीनं सांगू नकोस म्हटलं होतं, ते मी पाळलं होतं. पण ते पाळताना आणखी एक गोष्ट माझ्यापाशीच अडकून पडली होती. ती अब्बांची होती आणि ती त्यांना मिळालीच नव्हती, हे मला त्या क्षणी कळलं.

"ती हसली, अब्बा," मी म्हणाले.

त्यांनी मान वळवली.

"पिऊन झाल्यावर हसली. इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं तिच्या. म्हणाली, खरंच कडू आहे, जहर आहे नुसतं. आणि म्हणाली, तुम्हाला सांगू नकोस, नाहीतर वर्षभर बोलून दाखवाल."

ते रडतील असं मला वाटलं. पण त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा होत गेला. तो चेहरा मी त्या संध्याकाळच्या खाटेनंतर पाहिलाच नव्हता.

"दाखवलंच असतं," ते म्हणाले. "तिच्या वेलाला म्हणे नाव ठेवायचं नाही." थोड्या वेळानं ते सरकून माझ्याजवळ आले. "ओढणी धरली होती का तोंडावर?"

"हो."

"उभी होती की बसली होती?"

"उभी. ओट्याशी."

"मी कारखान्यात होतो. मला कसं ऐकू आलं नाही?"

"हळू हसली. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून."

त्यांनी डोळे मिटले, मान भिंतीला टेकवली.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "सुरुवातीपासून. ग्लास हातात घेतला तिथून."

मी तार सोडून दिली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.